बाळंतपणाचा खर्च कोणाच्या नावे?

स्त्रियांच्या आरोग्यावर आजच्यापेक्षा अधिक पैसा खर्च झाला पाहिजे, या म्हणण्याला उभे राहून विरोध करील असा मनुष्य या सभागृहात सापडेल असे आम्हांला वाटत नाही. माता, भगिनी, राष्ट्राची भावी पिढी हे शब्द आले की टाळ्या पडतातच. विरोध सुरू होतो तो पुढच्या प्रश्नापाशी. पैसा द्यायचा कोणी? मालक म्हणतो, सरकारने द्यावा. सरकार म्हणते, मालकाने द्यावा. दोघेही आपापला मुद्दा नीट मांडतात आणि मांडून होईपर्यंत बाई बाळंत होऊन कामावर परतलेली असते. हा वाद आपल्या महाराष्ट्रात निदान शंभर वर्षे चालू आहे. त्याचे कागद आहेत, कायदे आहेत, आकडे आहेत. उभी हयात मजुरीच्या आणि हजेरीच्या भांडणांत घालवलेली आमच्यासारखी माणसे इतिहास वाचतात तो बहुधा अशाच एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी. जे हाती लागले ते आज आपणांपुढे ठेवतो.

पहिला पैसा आला तो दानातून. १८८२-८३ च्या सुमारास जॉर्ज किट्रेज नावाचे एक अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापूरजी बंगाली या दोघांनी मुंबईत एक निधी उभारला. विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणाव्यात आणि येथील बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळावेत हा त्याचा हेतू. पुरुष डॉक्टरपुढे दुखणे सांगायचे नाही म्हणून घरच्या घरी मरण पत्करणाऱ्या स्त्रिया त्या काळी घरोघर होत्या. या निधीतून डॉ. एडिथ पीची मुंबईस आल्या. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखावर रुपये दिले आणि १८८६ साली कामा रुग्णालय उघडले. तेथील कारभार स्त्री-डॉक्टरांच्या हाती राहील ही अट देणगीबरोबरच होती. त्याच वर्षी आमच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढल्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने गेल्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेले, तेव्हा त्यांनी वैद्यक शिकण्याचे मनात घेतले होते. रखमाबाईंनी १८९४ साली लंडनहून पदवी आणली आणि पुढची कितीतरी वर्षे सुरतेस व राजकोटला बायकांची सेवा केली.

यांतले सोराबजी बंगाली हे आम्हांला विशेष जवळचे वाटतात. गिरण्यांतल्या बायकामुलांच्या कामाचे तास मर्यादित असावेत असा मसुदा याच गृहस्थांनी १८७८ च्या सुमारास तयार केला होता. सरकारने तो पुढे येऊ दिला नाही. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला तो फक्त मुलांपुरता आणि बायका त्यातून वगळल्या गेल्या. म्हणजे एकाच माणसाने बाईसाठी दवाखाना मागितला आणि कामाच्या तासांना मर्यादाही मागितली. दवाखान्याला वर्गणी जमली, तासांना कोणी पाठिंबा दिला नाही. दानशूरांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. कामा रुग्णालयाने किती जिवांना हात दिला हे मुंबईच्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. पण १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने देशभर जो निधी निघाला, तोही लोकांच्या वर्गणीवरच चालायचा होता. अर्ध्या प्रजेच्या दुखण्याचा खर्च सरकारी खजिन्यात एक बाब म्हणून मांडावा, असे त्या काळी फारसे कोणाला सुचले नाही.

गिरणीतल्या बाईला स्वतःला मात्र सुचत होते. एप्रिल १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत सुमारे दहा हजार गिरणी कामगारांची सभा भरवली, तेव्हा दोन कामकरी स्त्रियांनी उभे राहून आठवड्याची सुट्टी मागितली. त्यांची नावे कोणी जपून ठेवली नाहीत. जूनमध्ये मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षी कायद्याने बायकांच्या कामाचा दिवस अकरा तासांवर आणला. अकरा तास ही तेव्हाची सवलत होती, हे आज रविवारी दुपारी झोप काढणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

गिरणगावातल्या त्या बाईचा दिवस कसा होता? भोंग्याच्या आधी उठून एका खोलीत चूल पेटवायची, नळावर पाणी भरायचे, मग वाइंडिंग किंवा रीळ खात्यात नायकिणीच्या हाताखाली दिवसभर उभे राहायचे आणि परतल्यावर पुन्हा चूल. मूल अंगावर पिते असले तर त्याचे काय करायचे? त्याला अफूची गोळी द्यायची. तिला बाळागोळी असे गोड नाव होते. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने बाळंतपणाआधी सहा आणि नंतर सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला, तेव्हा हिंदुस्थान सरकारला आपल्याकडील परिस्थिती तपासून पाहण्यास सांगण्यात आले. त्यातून मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरची नेमणूक केली. १९२२ साली ‘लेबर गॅझेट’मध्ये त्यांची पाहणी छापून आली. कामकरी बायकांची जवळजवळ सगळीच तान्ही मुले अफूवर झोपवली जातात, असे त्या पाहणीत दिसले. आई निर्दय होती म्हणून हे घडत नव्हते. गिरणीत पाळणाघर नव्हते आणि एका दिवसाचा रोज बुडाला तर वाण्याची उधारी चुकत नव्हती, म्हणून घडत होते.

त्या काळचे बालमृत्यूचे आकडे फार भयंकर आहेत. १९२१ च्या नोंदीप्रमाणे मुंबईत जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे सहाशेंहून अधिक मुले वर्षाच्या आत जात होती आणि एका खोलीच्या बिऱ्हाडांत हे प्रमाण त्याहूनही चढे होते. येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. कितीतरी बायका बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर जात. जन्म तिकडे नोंदला जाई, किंवा जातच नसे, आणि मृत्यू मुंबईच्या वहीत पडे. त्यामुळे आकडा फुगला होता. पण तो कितीही खाली आणला तरी परळ-लालबागच्या चाळींत कोणते दृश्य उरते हे सांगण्याची आवश्यकता नाही.

नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. १९२५ मध्ये ते पडले. मग मुंबईच्या कायदे कौन्सिलात आर. एस. आसवले यांनी तसेच विधेयक मांडले आणि २८ जुलै १९२८ रोजी त्याला पाठिंबा देण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्या दिवशी मुंबईच्या बहुतेक गिरण्या बंद होत्या. एप्रिलच्या अखेरीस सुरू झालेला आणि ऑक्टोबरपर्यंत चाललेला तो मोठा संप ऐन भरात होता. एकेका कामगाराकडे अधिक यंत्रे देऊन माणसे कमी करायची, या मालकांच्या बेताविरुद्ध दीड लाखाच्या आसपास माणसे बाहेर बसली होती. बाहेर भाकरीची भ्रांत आणि आत कौन्सिलात बाळंतिणीच्या भत्त्यावर वाद, असा तो प्रसंग होता.

मालकांच्या बाजूचे म्हणणे असे की, हा बोजा एकट्या कारखानदारीवर का? देशात इतर धंद्यांतही बायका राबतात. शेतातली बाई बाळंत होते, तिला कोण भत्ता देतो? आणि हा भार लादलात तर गिरण्या बायकांना कामावरच ठेवणार नाहीत, तुमची दया त्यांच्याच पोटावर येईल. या युक्तिवादाला बाबासाहेबांनी जे उत्तर दिले त्याचा आशय आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून या खर्चाचा बराचसा भार मुळात सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले. इतर देशांत सरकार त्यात वाटा उचलते हेही दाखवले. परंतु सरकार आज तो उचलत नाही, एवढ्यामुळे मालकाची सुटका होत नाही. बाईला कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा आहे, म्हणूनच तो तिला ठेवतो. ज्याला तिच्या श्रमाचा लाभ मिळतो त्याने तिच्या विसाव्याचा काही भाग तरी सोसला पाहिजे.

या उत्तरात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही एकत्र होत्या. खर्च सार्वजनिक आहे ही एक आणि तोवर लाभ घेणाऱ्याने द्यावे ही दुसरी. १९२९ साली कायदा झाला तेव्हा त्यात दुसरी उतरली, पहिली राहून गेली. रोज आठ आणे, तेही थोड्या आठवड्यांपुरते, आणि सगळे मालकाच्या खिशातून. देशात असा हा पहिलाच कायदा होता आणि त्याचे श्रेय कोणी कमी लेखू नये. आठ आणे ही तेव्हा कामकरी बाईला लहान रक्कम नव्हती. १९२६ साली परळला वाडिया प्रसूतिगृह उघडले होतेच. दवाखान्यात खाट आणि हाती आठ आणे अशी दोन्ही मिळण्याची सोय गिरणगावातल्या बाईला प्रथमच लाभत होती.

पण मालकांनी कौन्सिलात जी धमकी दिली होती ती त्यांनी पाळलीही. सलग नोकरीची अट होती म्हणून बाईची नोकरी सलग होऊ द्यायची नाही. पोट दिसू लागले की नाव कमी करायचे. ठेवायचीच झाली तर कुमारिका, विधवा किंवा मूल होण्याचे वय उलटलेली बाई ठेवायची. हे आम्ही पदरचे सांगत नाही. १९४४ साली रेगे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या सरकारी मजूर चौकशी समितीनेच या प्रवृत्तीची नोंद केली आहे. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांत एक बाई होती, कधी त्याहून थोडी अधिक. पुढच्या दोन दशकांत ते प्रमाण निम्म्यापर्यंत उतरले आणि नंतरही उतरतच गेले. सगळा दोष भत्त्याच्या कायद्यावर टाकणे अर्थात चुकीचे होईल. बायकांना रात्रपाळी बंद होती आणि गिरण्या दोन-दोन पाळ्या चालवू लागल्या होत्या. वाइंडिंग आणि रीळ खात्यांत नवी यंत्रे आली. शिवाय कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच, ही समजूत मालकाइतकीच तेव्हाच्या पुष्कळशा कामगार पुढाऱ्यांच्याही डोक्यात पक्की होती. बाईची नोकरी जाते आहे म्हणून गिरण्या बंद पाडल्याचे उदाहरण शोधू गेले तर फार वेळ शोधावे लागते. तरीही भत्त्याचा खर्च एकट्या मालकाच्या नावे पडल्याने बाई त्याला महाग वाटू लागली, एवढे यातून निर्विवाद दिसते.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर दोन अहवाल आले. १९४४ साली प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना दिली आणि १९४६ साली भोर समितीने सबंध देशाच्या आरोग्याचा हिशेब मांडला. भोर समितीच्या अंदाजाने दर हजार बाळंतपणांमागे वीस आया दगावत होत्या, म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख बायका. साठ हजार लोकवस्तीला एक शिकलेली सुईण असे तेव्हाचे प्रमाण होते. आडारकरांच्या योजनेची पुढे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांनी छाननी केली, त्यात बाळंतपणाचा भत्ता सामील झाला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. १९५४ मध्ये ही योजना नागपूरला आणि नंतर मुंबईला लागू झाली.

या कायद्यातील एक बारीक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. मालकाची वर्गणी पगाराच्या रकमेवर बसते. कामावर पुरुष आहे की बाई, तरणी की उतारवयाची, याच्याशी तिचा काही संबंध नाही. भत्ता सामाईक निधीतून जातो. म्हणजे बाईला कामावर न घेऊन मालकाचा एक पैसाही वाचत नाही. १९२८ साली मालकांनी दिलेल्या धमकीची धार या एका हिशेबाने बोथट झाली. दुर्दैव असे की ही योजना मुंबईत पोहोचली तोवर गिरण्यांतल्या बायका पुष्कळशा बाहेर पडल्या होत्या.

आपले कायदे करणारे हा धडा मधूनमधून शिकतात आणि मधूनमधून विसरतात. पाळणाघराचेच पाहा. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात पन्नासांहून अधिक बायका असतील तेथे पाळणाघर सक्तीचे होते. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. मग हजेरीपटावर बायकांचा आकडा एकोणतीसवर थांबलेला आम्ही स्वतः पाहिला आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायदा दुरुस्त झाला तेव्हा पन्नास कर्मचारी मोजायचे, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असे ठरले. हा शहाणपणा झाला. पण त्याच दुरुस्तीने रजा बारा आठवड्यांवरून सव्वीसवर नेली आणि जेथे विमा योजना लागू नाही तेथे त्या सव्वीस आठवड्यांचा सगळा पगार पुन्हा एकट्या मालकाच्या नावे मांडला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मांडणी आली. सव्वीस आठवडे हवेतच, त्यांत एक दिवसही कमी करू नये. मात्र लहान कारखान्याच्या किंवा दुकानाच्या मालकापुढे नोकरीचा अर्ज घेऊन आलेल्या चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलीकडे तो कोणत्या नजरेने पाहतो, हे १९२९ नंतरचा इतिहास वाचलेल्या माणसाला नव्याने सांगावे लागत नाही.

आतापर्यंत आम्ही बाळंतपणाविषयीच बोललो. कारण सरकार, मालक आणि दाते या तिघांनाही बाई आठवते ती मुख्यतः त्याच वेळी. बाळंतपणाच्या आधीची पंधरा आणि नंतरची चाळीस वर्षे तिला शरीर असते, ही गोष्ट गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आकड्यांनिशी दाखवली. दोन खेड्यांतल्या ६५० बायकांची तपासणी करून त्यांनी जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात निष्कर्ष छापले. शंभरांतील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. यापूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या बायका शंभरांत अवघ्या आठ. आजार आहे, तो अंगावर काढणे चालू आहे आणि दवाखान्यांच्या वहीत त्याची नोंदच नाही. नोंद नाही म्हणून तरतूद नाही आणि तरतूद नाही म्हणून तपासणारी डॉक्टर नाही. मुंबई-पुण्याच्या दवाखान्यांत बसून हे दिसले नसते. हे दोघे खेड्यात जाऊन राहिले होते.

नोंद नसलेले हे दुखणे पुढे कोठवर जाते, हे ऊसतोडीच्या फडात दिसते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे साखर कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेथे मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल जोडीच्या नावाने आणि ती नवऱ्याच्या हातात. पहाटे अंधारात उठून तोडणी, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत नेणे हे सगळे होते आणि राहायला पालाची कोपी. संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसे पाणी नाही. एक दिवस घरी बसली तर खाडा लागतो. खाड्याचा दंड उचलीत मिळवला जातो. पाळीचे चार दिवस, पांढरे जाणे, ओटीपोटातली कळ, गर्भारपण या सगळ्यांचे भाषांतर मुकादमाच्या वहीत खाडा असेच होते. अशी बाई हंगाम संपल्यावर गावाकडच्या खाजगी डॉक्टरकडे जाते. तो म्हणतो, पिशवी खराब आहे, काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल. ती काढते. त्यासाठीही पैसा लागतो आणि तोही पुष्कळदा मुकादमाकडूनच येतो, म्हणजे पुढच्या हंगामाला ती आधीच विकली गेलेली असते.

२०१९ साली हा प्रकार वर्तमानपत्रांतून गाजला. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांत १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सुमारे सहांत एक. देशाच्या २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात हे प्रमाण शंभरांत तिनाच्या किंचित वर होते. दोन्ही पाहण्यांतले वयोगट आणि मोजणीची रीत वेगळी असेल, पण एवढे मोठे अंतर त्याने भरून निघत नाही. तरुण वयात अशी शस्त्रक्रिया होऊन बीजांडेही गेली की पाळी एकदम थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, कंबर आणि सांधे धरतात, आणि मोळी तर उचलायचीच असते. पुढे खाजगी रुग्णालयांनी अशी शस्त्रक्रिया करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे बीडच्या प्रशासनाने ठरवले. ठीकच झाले. तथापि डॉक्टरला आवर घालून बाईचे दुखणे बरे होत नाही. तिला त्या दुखण्यावर दुसरे औषध कोठे मिळणार होते?

ऊसतोड बाईच्या बाबतीत १९२८ चाच वाद पुन्हा उभा राहतो, फक्त त्यात एक माणूस वाढला आहे. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी स्वतः कारखान्याकडून पैसे घेऊन वाटणारा माणूस, मालक कसा? सरकार म्हणते, कामगार स्थलांतरित आहेत, नोंद सापडत नाही. पूर्वी निदान मालक कोण याविषयी शंका नव्हती.

पैसा घातल्याने फरक पडत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी काही आकडे सांगतो. भोर समितीच्या हजारी वीसपासून देश २०१८-२० मध्ये लाखामागे ९७ मातामृत्यूंवर आला आणि महाराष्ट्र ३३ वर. २००५ नंतर ग्रामीण आरोग्यावर सरकारने हात थोडा सैल केला. २००५-०६ मध्ये शंभरांतील ३९ बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ होऊ लागली. याचे बरेचसे श्रेय ज्या आशाताईंना आहे त्यांना मात्र सरकार कामगार मानायला तयार नाही. त्या स्वयंसेविका, त्यांना वेतन नाही, मोबदला. बाईच्या आरोग्याचा खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या बाईची मजुरी कापायची, ही युक्ती आम्हांला काही नवी वाटली नाही.

आणि जेथे पैसा घातला नाही तेथली स्थिती पाहा. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरांतील ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. पाच वर्षांपूर्वी हे प्रमाण ४८ होते, म्हणजे ते वाढले. रक्त कमी असलेली बाई मरत नाही, म्हणून ती मातामृत्यूच्या आकड्यात येत नाही. ती लवकर दमते आणि ‘बायका नाजूक’ असे म्हणायला लोक मोकळे होतात. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या साथीच्या वर्षातही, तो दोनाच्या आतच होता. त्या वर्षी देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी शंभरातले एकोणचाळीस रुपये लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून दिले. घरात पैसा खिशातून जायचा म्हटला की कोणाचे दुखणे आधी आणि कोणाचे नंतर, हे प्रत्येकाने आपापल्या घरी आठवून पाहावे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गर्भवतीला निदान सहा हजार रुपये कबूल केले. २०१७ मध्ये योजना निघाली ती पाच हजारांची, आणि पहिल्या मुलापुरती. सव्वीस आठवड्यांवर ती पसरली तर दिवसाला सत्तावीस रुपये पडतात. १९२९ च्या आठ आण्यांची टिंगल करणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करावा.

उत्तर शोधायला परदेशी जाण्याची गरज नाही, ते आपल्याकडे सिद्ध झालेले आहे. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. हमाल आज एका व्यापाऱ्याकडे, उद्या दुसऱ्याकडे. त्याचा मालक कोण ठरवायचा? कायद्याने तो वाद बाजूला ठेवला, मंडळ नेमले आणि मजुरीवर ठराविक लेव्ही बसवून तीतून औषधपाणी, रजा, फंड यांची सोय केली. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ झाले आहे. टनामागे दहा रुपये कारखान्याने आणि तितकेच शासनाने द्यावे असे ठरले. अलीकडच्या चांगल्या हंगामात महाराष्ट्रात दहा कोटी टनांच्या पुढे ऊस गाळला गेला आहे. दहा कोटी टनांना दहा रुपये म्हणजे शंभर कोटी, शासनाचे तितकेच धरले तर दोनशे कोटी. ही रक्कम बाई कामावर घेतली की नाही यावर अवलंबून नाही, उसाच्या वजनावर आहे. म्हणजे तत्त्व बरोबर धरले आहे. हंगामातल्या तळांवर फिरती स्त्री-डॉक्टर, पाणी आणि संडास, बाळंतपणाची भर मजुरी, खाड्याच्या दंडाला बंदी, एवढ्या गोष्टींना ती पुरते की नाही हा हिशेब वर्षाच्या वर्षाला जाहीर झाला पाहिजे. न पुरल्यास टनामागचा आकडा वाढवता येतो. साखरेच्या किलोमागे त्याचे काही पैसेच येतील, आणि ते आपण शहरातल्या चहा पिणाऱ्यांनी द्यायला हरकत नसावी.

पण त्याआधी एक काम आहे, त्याला पैसाही फारसा लागत नाही. करारात आणि नोंदवहीत ‘कोयता एक’ असे लिहिणे बंद करून तेथे दोन नावे लिहायची, दोघांची मजुरी वेगळी मांडायची आणि बाईची तिच्या खात्यावर भरायची. ज्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नाही तिला भत्ता कोणत्या निधीतून आणि कोणाच्या सहीने मिळणार? येत्या हंगामाच्या उचली पावसाळ्यातच वाटल्या जातील. करार तेव्हाच लिहिले जातात.